पाचवीतल्या मुलाचा नवोदयचा फॉर्म कसा भरावा

नवोदय म्हणजे केंद्र सरकारची निवासी शाळा. तिथल्या सहावीच्या प्रवेशाची परीक्षा मुलाला एकदाच देता येते. पोर हुशार असूनही कागदांमुळे मागे पडावं, याचं फार वाईट वाटतं. म्हणून अभ्यासाआधी फॉर्मकडे नीट लक्ष द्या.

पहिलं काम जिल्ह्याचं. मूल ज्या जिल्ह्यात पाचवीचं पूर्ण वर्ष शिकतंय, त्याच जिल्ह्याच्या नवोदयसाठी अर्ज चालतो आणि रहिवासही तिथलाच लागतो. कामासाठी हंगामात गाव सोडावं लागत असेल, तर शाळा मध्येच बदलू नका. मुलाला आजीआजोबांकडे ठेवता आलं तर उत्तम. जन्मतारखेची अट दरवर्षी पुढे सरकते, ती त्या वर्षीच्या माहितीपत्रकात पाहा.

मग ग्रामीण की शहरी, हा रकाना. इथे घाई नको. प्रत्येक विद्यालयात सहावीला जास्तीत जास्त 80 मुलं घेतात. त्यातल्या किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांच्या असतात. पण ग्रामीण म्हणजे गावात घर असणं नव्हे. तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली हवीत. मधे एक दिवस जरी शहरी शाळेच्या पटावर असेल, तरी मूल शहरी धरलं जातं. आपल्याकडे तालुक्याची कितीतरी गावं आता नगरपंचायती झाली आहेत, त्यामुळे शाळा नेमकी कुठल्या हद्दीत येते ते मुख्याध्यापकांनाच विचारा.

जातीच्या रकान्यातही असंच. व्हीजेएनटी (विमुक्त जाती, भटक्या जमाती) असा वेगळा पर्याय तिथे सापडणार नाही. तुमची जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का ते पाहा आणि दाखला केंद्राच्या नमुन्यात काढायला आत्ताच टाका.

आता प्रत्यक्ष अर्ज. नवोदय विद्यालय समितीच्या संकेतस्थळावरून प्रमाणपत्राचा कोरा नमुना छापून घ्या. त्यावर मुलाचा फोटो लावून मुख्याध्यापकांची सही-शिक्का घ्या. मग फोटो, मुलाची सही, पालकांची सही आणि हे प्रमाणपत्र स्कॅन करून अर्जासोबत चढवा. अर्जाला शुल्क नाही. कॅफेवाला टायपिंगचे पैसे घेईल तेवढेच. "सीट पक्की करून देतो" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. परीक्षेचं माध्यम मराठी निवडलंय ना, हे पाठवण्याआधी स्वतः वाचा. नोंदणी क्रमांक वहीत लिहून ठेवा, हॉल तिकिटाला तोच लागतो.

परीक्षा दोन तासांची, 80 प्रश्न, 100 गुण. त्यातले 40 प्रश्न बुद्धिमत्तेचे, म्हणजे आकृत्यांचे. गणित आणि भाषेचे 20-20. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. उत्तरपत्रिकेवर पेनाने गोल रंगवायचे असतात आणि खाडाखोड चालत नाही, म्हणून घरी छापील नमुन्यावर सराव करून घ्या.

राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं मोफत. नववीत काही मुलांना वर्षभर दुसऱ्या राज्यातल्या नवोदयात पाठवतात, याची कल्पना मुलाला आणि त्याच्या आईला आधीच द्या.

निकालानंतर जन्मदाखला, रहिवासी दाखला, ग्रामीण शाळेचं प्रमाणपत्र, सगळं मूळ स्वरूपात तपासतात. पहिल्या यादीत नाव आलं नाही, तरी फॉर्मवर दिलेला मोबाइल नंबर चालू ठेवा. जागा उरल्या की पुढची यादी लागते.