आज्जींची डबी आणि केअर प्लॅनमधला शेवटचा रकाना

शारीरिक, मानसिक, सामाजिक गरजा लिहून झाल्या की केअर प्लॅनच्या, म्हणजे पेशंटच्या शुश्रूषेच्या आराखड्याच्या, तळाशी ‘आध्यात्मिक गरजा’ येतात. तिथं आमची नर्सिंगची अख्खी बॅच एकच वाक्य लिहायची: ‘रुग्ण हिंदू आहे, रोज प्रार्थना करतो.’ सिनियरांच्या फायलीतनं उतरवलेलं. हे करू नका. मार्क पडतात, पण पेशंटला विचारायची सवय लागतच नाही.

मला त्याची किंमत कर्नाटकातल्या अथणीकडच्या एका आज्जींपायी कळली. सकाळी ऑपरेशन होतं. दागिने काढून यादी करणं माझं काम. बांगड्या, जोडवी, कानातलं. गळ्यात दोऱ्याला चांदीची डबी होती, तीही काढली. ‘चांदीची डबी १’ असं लिहून सुनेची सही घेतली. आज्जी काही बोलल्या नाहीत. डबी जिथं टेकायची तिथं छातीवर नुसता हात फिरवत राहिल्या. तासाभरात बीपी इतकं चढलं की भूलतज्ज्ञांनी केस पुढं ढकलली. मी ‘पेशंट घाबरलेली’ अशी नोंद करून मोकळी झाले.

डबीत इष्टलिंग होतं. लिंगायत माणूस ते अंगावेगळं करत नाही. दफन करतानासुद्धा ते सोबत देतात. आणि मला हे माहीत होतं! शेजारच्या घरात लहानपणापासून बघत आले होते. पण हातात यादी आली की दिसतात ते दागिनेच. वारकऱ्याची तुळशीची माळ, मुसलमान पेशंटचा ताईत, सगळ्याचं तेच होतं. म्हणून काढायच्या आधी विचारा. ‘हे काढलं तर चालेल का?’ एवढंच. कन्नड येत नसेल तर येणाऱ्याला बोलवा, खुणांवर भागवू नका.

चूक माझ्या लक्षात आणून दिली ती वॉर्डातल्या मावशींनी. माझं ठाम मत आहे, पहिले सहा महिने मावशींच्या मागं फिरा. इनचार्ज फॉर्म शिकवतात, मावशी माणूस शिकवतात. दुसऱ्या दिवशी लिंग अंगावर ठेवता येईल का, असं भूलतज्ज्ञांना विचारलं. कॉटरीमुळं (विजेनं रक्तस्राव थांबवायचं उपकरण) अंगावर धातू नको होता, म्हणून आज्जींनी स्वतः डबीतनं लिंग काढून कापडात बांधलं आणि ते आम्ही मनगटाला बांधून दिलं. बीपी ठीक राहिलं.

हा विषय भावनेपुरता नाही. ‘आध्यात्मिक क्लेश’ हे नर्सिंग निदान 1978 मध्येच नांदाच्या (नर्सिंग निदानांची यादी ठरवणारी संस्था) यादीत आलं. आधुनिक हॉस्पिसची, म्हणजे मरणपंथाला लागलेल्यांच्या शुश्रूषेची, सुरुवात करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स मुळात नर्स. ‘संपूर्ण वेदना’ ही कल्पना त्यांची, आणि तिच्यात शरीराच्या दुखण्यासोबत हे आध्यात्मिक दुखणंही धरलेलं आहे. निपाणी-चिकोडीकडचे कित्येक जैन पेशंट सूर्यास्तानंतर काही घेत नाहीत. रात्री आठची गोळी ‘नाकारली’ असं लिहिण्याआधी डॉक्टरांना वेळ बदलता येईल का विचारा.

घाबरू नका, तुम्हाला कीर्तन करायचं नाही. आपला देव तर मुळीच पुढं करायचा नाही. ‘देवावर सोडा’ म्हणू नका, त्यानं बोलणारा गप्प होतो. रात्री कुणी ‘मी असं काय पाप केलं, सिस्टर?’ म्हणालं तर स्टूल ओढा, बसा, ‘असं कधीपासून वाटतंय?’ विचारा आणि थांबा. मग ते वाक्य त्यांच्याच शब्दांत नोट्समध्ये लिहा, म्हणजे सकाळच्या सिस्टरला पहिल्यापासून विचारावं लागणार नाही.