कॅमेऱ्याला दोष देण्याआधी निगेटिव्ह पाहा: फिल्म आणि डार्करूममधील या चुका टाळा

हौसेने जुना, स्वस्तातला फिल्म कॅमेरा घ्यायचा, डार्करूमच्या वर्गात नाव नोंदवायचे आणि पहिला रोल कोरा निघताच कॅमेरा विकायला काढायचा, ही नवशिक्यांची सर्वांत महागात पडणारी चूक आहे. कारण कोरा रोलसुद्धा बरेच काही सांगत असतो.

फिल्मच्या कडेला कंपनीचे नाव आणि फ्रेमचे आकडे कारखान्यातच प्रकाशाने उमटवलेले असतात आणि ते डेव्हलपरमध्ये (चित्र उमटवणाऱ्या रसायनात) गेल्यावरच दिसू लागतात. हे आकडे ठळक असून मधली जागा कोरी असेल, तर धुलाई ठीक झाली आहे आणि दोष कॅमेऱ्यात किंवा रोल भरण्यात आहे. आकडेही गायब असतील, तर डेव्हलपर निकामी झालेला असतो किंवा गडबडीत त्याच्याआधी फिक्सर (चित्र पक्के करणारे, नंतरचे रसायन) ओतला गेलेला असतो. कडांसकट सगळी पट्टी काळी पडली असेल, तर कुठेतरी उजेड शिरला आहे.

माझा पहिला रोल पहिल्या प्रकारातला होता. ३६ फोटोंच्या रोलवर माझा आकडा चाळिशीच्या पुढे गेला, तरी रोल संपेना आणि मला त्याचे कौतुकच वाटत राहिले! फिल्मचे टोक आतल्या दांडीत अडकलेलेच नव्हते. झाकण लावल्यावर रिवाइंडची कळ हलकेच फिरवून फिल्मची ढील काढावी आणि पुढचा फोटो घेण्यासाठी खटका ओढताना ती कळ उलटी फिरते आहे ना, हे पाहावे, म्हणजे हा प्रसंग येत नाही.

जुन्या कॅमेऱ्याच्या झाकणाला लावलेला फोम वर्षांनुवर्षांनी चिकट काजळीसारखा होतो आणि फटीतून आलेला उजेड फोटोवर पट्टे उमटवतो. तो खरवडून नवा लावणे हे तासाभराचे काम आहे. मीटरची, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या यंत्राची गोष्ट अधिक फसवी असते. अनेक जुने मीटर १.३५ व्होल्टच्या, आता बंद झालेल्या पाऱ्याच्या बॅटरीसाठी बनवलेले आहेत, त्यांत १.५ व्होल्टची बॅटरी घातली की मीटर बहुधा उजेड जास्त दाखवते आणि निगेटिव्ह (धुतलेली, उलट छटांची फिल्म) पातळ, म्हणजे फिकी येते. साध्या निगेटिव्ह फिल्मला थोडा जास्त प्रकाश सोसतो, कमी प्रकाश मात्र सोसत नाही, कारण सावलीतला जो तपशील नोंदलाच गेला नाही तो डार्करूममध्ये कोणीही आणू शकत नाही. म्हणूनच पेन्टॅक्स के१००० सारखा, १९७६ ते १९९७ या काळात बनलेला, बॅटरीशिवायही शटर चालणारा कॅमेरा शिकण्यासाठी उत्तम असतो. मीटर बिघडले तरी कडक उन्हात अॅपर्चर (लेन्सचे उघडे तोंड) एफ/१६ आणि ४०० आयएसओच्या (आयएसओ म्हणजे फिल्मच्या प्रकाश-संवेदनशीलतेचे माप) फिल्मला शटर १/५०० सेकंद, एवढ्यावर भागते.

डार्करूममध्ये पहिली फजिती फिल्म धुण्याच्या टाकीतल्या रिळावर ती अंधारात गुंडाळताना होते. लाल दिवा कागदासाठी असतो. सर्वसाधारण फिल्मला तोही चालत नाही, म्हणून टाकाऊ रोल घेऊन आधी उजेडात आणि मग डोळे मिटून सराव करावा. प्लॅस्टिकचे रीळ जराही ओलसर असले, तर फिल्म मध्येच अडकते आणि ओढाताणीत तिला चंद्रकोरीसारख्या घड्या पडतात. रसायन साधारणपणे २० अंश सेल्सियसवर ठेवावे आणि डेव्हलपर ओतताच टाकी ओट्यावर हलकेच आपटावी, नाहीतर बुडबुड्यांचे गोल ठिपके प्रत्येक आभाळात दिसतात. फिक्सरमध्ये फिल्मचा तुकडा किती वेळात पारदर्शक होतो हे पाहून त्याच्या दुप्पट वेळ द्यावा. निगेटिव्ह दुधाळ दिसली, तर घाबरण्याचे कारण नाही. ताज्या फिक्सरमध्ये पुन्हा बुडवली की ती निवळते.

छपाईतली नेहमीची चूक घाईची असते. एन्लार्जरखाली (निगेटिव्हचे चित्र मोठे करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राखाली) कागदाला जास्त प्रकाश मिळाला की डेव्हलपरमध्ये चित्र झरझर काळे होऊ लागते आणि शिकणारा ते वीस सेकंदांतच बाहेर ओढतो. मग काळा भाग पुरेसा काळा होत नाही आणि सगळा फोटो मळकट, डागाळलेला दिसतो. कागदाला त्याची पूर्ण मिनिट-दीड मिनिटाची वेळ द्यावी आणि दुरुस्ती प्रकाशाच्या सेकंदांत करावी. टेस्ट स्ट्रिपचा (कागदाच्या पट्टीवर वेगवेगळे सेकंद देऊन पाहण्याचा) कंटाळा करून कागद वाचत नाही, उलट चार कागद जास्त जातात. ओला फोटो वाळल्यावर किंचित गडद होतो, त्यामुळे लाल दिव्याखाली निकाल देऊ नये. फिक्सर झाल्यावर तो साध्या उजेडात पाहावा आणि वाळल्यावर पुन्हा पाहावा. दोन्हींची तुलना करता यावी म्हणून सेकंद आणि एन्लार्जरच्या लेन्सचे अॅपर्चर कागदाच्या मागे पेन्सिलने आधीच लिहून ठेवावे.