कुष्ठरोगाचा बधिर चट्टा घरी कसा तपासावा, आणि तो दुखत का नाही

गळू झाले की दोन दिवसांत ती जागा लाल होते, गरम लागते आणि ठणकू लागते. हा ठणका म्हणजे आपल्या उपजत प्रतिकारशक्तीने केलेला आरडाओरडा असतो: जंतूची चाहूल लागताच त्वचेतील पेशी रासायनिक संदेश सोडतात, रक्तवाहिन्या रुंदावतात आणि पांढऱ्या पेशी तेथे धाव घेतात. कुष्ठरोगाचा चट्टा मात्र सहसा ना दुखतो ना खाजतो, आणि म्हणूनच तो वर्षानुवर्षे अंगावर काढला जातो.

नॉर्वेच्या हान्सेन यांनी १८७३ मध्ये शोधलेला हा जंतू अत्यंत संथ असून त्याला दुप्पट होण्यास साधारण दोन आठवडे लागतात. बहुतेकांच्या भक्षक पेशी (जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी) आपल्या पृष्ठभागावरील टोल-लाइक रिसेप्टर या जंतू ओळखणाऱ्या प्रथिनांच्या साहाय्याने त्याला ओळखतात व प्रतिकार सुरू करतात, त्यामुळे संसर्ग होऊनही त्यांना रोग होत नाही. ज्यांच्यात हा प्रतिसाद अपुरा पडतो, त्यांच्या बाबतीत जंतूच्या मेणचट आवरणातील एक विशिष्ट स्निग्ध पदार्थ भक्षक पेशींची मारकशक्ती बोथट करतो आणि जंतू त्या पेशींतच वाढू लागतो. हाच पदार्थ त्याला मज्जातंतूंभोवती आवरण करणाऱ्या श्वान (Schwann) पेशींत शिरण्यासही मदत करतो. ज्या तारेवरून वेदनेची वर्दी जायची, ती तारच अशी निकामी होते.

म्हणून तपासणी करताना वेदनेची वाट पाहू नये. दिवसाच्या उजेडात पाठ आणि नितंबांसह सर्व अंग पाहावे, कारण स्वतःला न दिसणाऱ्या जागीच चट्टा बहुधा राहून जातो. आजूबाजूच्या त्वचेपेक्षा फिकट, लालसर किंवा तांबूस डाग आढळल्यास कापसाचे टोक वळून घ्यावे. आधी तपासायच्या व्यक्तीचे डोळे उघडे असताना निरोगी त्वचेवर स्पर्श करून दाखवावा. मग डोळे मिटायला सांगून कधी चट्ट्यावर, कधी बाहेर हलकेच टेकवावे आणि त्या व्यक्तीला बोटाने जागा दाखवायला सांगावे. कापूस ओढू किंवा घासू नये, आणि ‘कळतंय का?’ असे विचारूही नये, कारण माणसे सवयीने ‘हो’ म्हणतात. कानाच्या पाळ्या जाड होणे, भुवया विरळ होणे, करंगळीत मुंग्या येणे याही खुणा आहेत. संवेदना असली तरी चट्टा न जाणारा असेल, तर डॉक्टरांना दाखवावेच.

निदान व उपचार प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होतात. पाचपर्यंत चट्टे असल्यास सहा महिने, त्याहून अधिक असल्यास बारा महिने बहुविध औषधोपचार दिला जातो. त्यातील रिफाम्पिसिनमुळे लघवी लालसर होते आणि क्लोफाझिमिनमुळे त्वचा काळवंडते. या दोन्ही गोष्टी तात्पुरत्या आहेत, घाबरू नये.

खरी गफलत पुढे होते. उपचार सुरू असताना, किंवा संपल्यानंतरही, काहींचे चट्टे अचानक लाल होऊन सुजतात, नस दुखते, ताप येतो. औषध ‘उष्ण पडले’ असे समजून गोळ्या बंद केल्या जातात, आणि ही चूक महागात पडते. जंतूच्या अवशेषांवर प्रतिकारशक्ती तुटून पडल्याने ही प्रतिक्रिया उमटते. अशा वेळी गोळ्या चालू ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. बहुधा प्रेडनिसोलोन हे सूज उतरवणारे स्टेरॉइड दिले जाते, आणि जितका उशीर तितकी हातापायांची ताकद परत येण्याची शक्यता कमी.

पाय आधीच बधिर झाला असेल, तर तो रोज वीस मिनिटे साध्या पाण्यात भिजवावा, टाचेची कडक कातडी वजरीने हलकेच घासावी आणि ओलसर असतानाच तेल लावावे. चुलीवरचे भांडे सांडशीनेच उचलावे. चप्पल घालण्यापूर्वी आत खडा किंवा खिळा नाही ना, हे डोळ्यांनी पाहावे, आणि रात्री निजण्याआधी तळवा आरशात न्याहाळावा.