बोटीत पाणी कुठून येतंय ते शोधायचं कसं

आमची बोट वर्सोव्याच्या खाडीत असते, लाकडी आहे, आणि दोन वर्षांपूर्वी तळात पाणी यायला लागलं तेव्हा आम्ही जी चूक केली तीच बरेच जण करतात म्हणून हे लिहितोय. पाणी दिसलं मागच्या बाजूला फळ्यांच्या सांध्यापाशी, म्हणून सुताराला बोलावून तिथले सांधे उकरले, नवीन कापूस ठोकून घेतला, पैसे गेले, धंद्याचे चार दिवस गेले आणि पाणी तेवढंच. शेवटी निघालं काय, तर इंजिन थंड करायला समुद्राचं पाणी खेचतो त्या पाइपाची क्लिप खालच्या बाजूने गंजून सैल झालेली. वरून बघितलं तर क्लिप एकदम नव्यासारखी. तिथून थेंब थेंब पाणी इंजिनाखालून वाहत मागे जाऊन साठायचं.

काका तेव्हा एकच बोलले, कुठून येतं ते नंतर बघू, आधी कधी येतं ते सांग. हेच खरं. पाणी जिथे दिसतं ती फक्त बोटीतली सगळ्यात खालची जागा असते, त्यावरून शिरलं कुठून ते कळत नाही, पण कधी येतं ते कळलं की अर्धी जागा आपोआप बाद होते.

म्हणून आधी तळ पूर्ण रिकामा करा, पंपाने आणि मग स्पंज-फडक्याने कोरडा पुसून. ऑटोमॅटिक पंप असेल तर तेवढ्यापुरता बंद ठेवा, नाहीतर तो गुपचूप पाणी काढत राहतो आणि तुम्हाला काही कळतच नाही (पण पंप बंद असताना बोट सोडून घरी जायचं नाही). बोट नुसती बांधलेली असताना दोन तासांत किती डबे पाणी आलं ते मोजा, मग जागेवरच इंजिन चालू करून दोन तास, मग समुद्रात जाऊन आल्यावर, मग माल भरलेला असताना. मोबाइलमध्ये वेळ टाकून लिहून ठेवा, डोक्यात राहत नाही. बांधलेल्या बोटीतही सारखंच येत असेल तर पाण्याखालचं काहीतरी, म्हणजे सांधे, व्हॉल्व्ह, सुकाणाचा दांडा. इंजिन चालल्यावरच येत असेल तर शाफ्टची ग्लँड (पंखा फिरवणारा दांडा बोटीबाहेर जातो तिथे पाणी अडवणारा जोड) नाहीतर पाण्याचे पाइप. फक्त माल भरल्यावर येत असेल तर एरवी पाण्याच्या वर राहणारी फट बघा, आणि पंपाचं बाहेरचं तोंडही बघा, कारण बोट खाली दबली की ते तोंड पाण्यात जातं आणि पंप थांबल्यावर त्याच पाइपातून पाणी उलटं आत येऊ शकतं. हे कोणाच्या लक्षातच येत नाही. तो पाइप आतून उंच चढवून मग बाहेर काढायचा.

मग पाणी खारं की गोडं ते ठरवा. चाखू नका, तळात डिझेल आणि मासळीचं पाणी असतं. चमचाभर पाणी काळ्या तव्यावर सुकवा, समुद्राचं असेल तर पांढरा थर राहतो, लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं त्यात. थर नसल्यासारखाच असेल तर पावसाचं, टाकीचं किंवा बर्फाचं पाणी. आपल्याकडे बर्फ टनाने भरतात आणि मासळीच्या खणाला तडा गेला असेल तर वितळलेलं पाणी सरळ तळात उतरतं, मग लोक बाहेरून फटी शोधत बसतात.

आता प्रत्यक्ष जागा. तळात उतरण्याआधी फळ्या उघडून हवा खेळू द्या, स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खालीच साठतो, त्यामुळे काडी, लायटर काही नको. टॉर्च घ्या. पाइपाच्या प्रत्येक जोडाखाली, व्हॉल्व्हखाली टिश्यू पेपर ठेवा आणि आजूबाजूच्या कोरड्या लाकडावर खडूची पूड मारा, पाणी गेलं की ओघळ स्पष्ट उठतो आणि त्या ओघळाच्या वरच्या टोकाला जायचं. क्लिपच्या खालच्या बाजूला आरसा धरून बघा, आम्हाला ती क्लिप आरशातच दिसली.

शाफ्टच्या ग्लँडवर थोडं जास्त बोलतो. पॅकिंगची दोरी असलेली ग्लँड शाफ्ट फिरत असताना मिनिटाला दोन-तीन थेंब टाकते, ते पाहिजेच, त्यानेच ती थंड राहते. उभ्या बोटीत मात्र थेंब जवळजवळ थांबले पाहिजेत. घाबरून नट आवळत सुटलात तर दोरी जळते, शाफ्टला चरे पडतात आणि मग खरी गळती लागते. इंजिन बंद करून हात लावा, कोमट चालेल, चटका बसता कामा नये. नट थोडा थोडा फिरवा, दोन्ही बाजूंना सारखा. फिरणाऱ्या शाफ्टजवळ लुंगी, टॉवेल, सैल शर्ट अजिबात नको.

एवढं सगळं ठीक निघालं तरच सांध्यांकडे वळा. ओहोटीला बोट चिखलावर बसली की बाहेरून फिरून बघा, आत पाणी असेल तर फटीतून ते बाहेर झिरपत असतं आणि ओला डाग खडूने पटकन मार्क करता येतो, भरती यायच्या आत. लाकडात छोटी भोकं दिसली तर सुई घालून बघा, टेरेडो, म्हणजे लाकूड खाणारा समुद्री किडा, बाहेरून टाचणीएवढं भोक ठेवतो आणि आतून फळी पोखरून टाकतो.

एक गोष्ट मात्र वेगळी धरा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदीत बोट वर ओढलेली असते, लाकूड सुकून आकसतं, त्यामुळे उतरवल्यावर पहिले एक-दोन दिवस पाणी येणारच. डबे रोज कमी होत असतील तर लाकूड फुगतंय, थांबा. कमी होत नसतील तर शोधायला लागा.

आणि बोटीत प्रत्येक व्हॉल्व्हशेजारी भोक बुजवायला त्या मापाची लाकडी खुंटी दोरीने बांधून ठेवाच. पाण्याखाली दोन फुटांवर एक इंची भोक पडलं तर मिनिटाला साधारण ६० लिटर पाणी आत येतं, तेवढ्यात खुंटी शोधत बसायला वेळ नसतो. दुरुस्ती झाल्यावर एक पूर्ण उधाण (मोठी भरती) आणि एक भांग (लहान भरती) जाईपर्यंत डबे मोजत राहा, आम्ही पंधरा दिवस मोजले, शेवटचे पाच दिवस स्पंज कोरडाच निघाला.