सोलापुरात खोलीवर राहताना वीज आणि पाणी कसे वाचवावे

एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४० अंशांच्या वर जातो, त्यामुळे खोली घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी बचतीची सुरुवात पंख्यापासून करावी. साधा पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो, तर बीएलडीसी पंखा (कमी विजेवर चालणाऱ्या मोटरचा) साधारण ३० वॅट. दिवसाला १२ तास पंखा चालला तर महिन्याला सुमारे १६ युनिटांचा फरक पडतो, म्हणून तिघाचौघांनी वर्गणी काढून, घरमालकांची परवानगी घेऊन असा पंखा बसवणे आणि खोली सोडताना तो सोबत नेणे मला सर्वांत शहाणपणाचे वाटते.

येथील उन्हाळी हवा कोरडी असल्याने उघड्या खिडकीवर ओली, पातळ सुती चादर लावली की आत येणारा वारा गार होतो. जाड सोलापुरी चादर मात्र लावू नये, कारण तिच्यातून वारा नीट खेळत नाही. चादर भिजवण्यासाठी कपडे खळबळल्याचे शेवटचे पाणी वापरावे. कारण उजनी धरणाचे पाणी नळाला रोज येईलच असे नाही.

पाणी तापवणारा १५०० वॅटचा रॉड २० मिनिटांत अर्धा युनिट वीज घेतो. हिवाळ्यात काळी बादली झाकून दुपारभर गच्चीवर उन्हात ठेवावी आणि अंघोळ संध्याकाळी करावी, म्हणजे रॉड कमी वेळ लावावा लागतो.