ग्रंथपालांची संघटना सावरायची तर आधी सभासदांची यादी

संघटना मरगळली की पहिली सूचना येते घटना बदलायची. घाई करू नका. आधी सभासदांची यादी साफ करा.

ग्रंथपालांच्या एका देशव्यापी संघटनेच्या पुनर्रचनेचं काम माझ्याकडे होतं. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी सुतळीने बांधलेली रजिस्टरं आली. मी प्रत्येक नावाला जवाबी कार्ड टाकलं. बरीच परत आली. एकावर मुलीच्या अक्षरात होतं, ‘बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांचे वर्गीकरणाचे खंड कुणाला हवेत का?’ आमच्या यादीत ते हयात होते.

हे काम आधी का, ते सांगते. 1860 च्या सोसायटी नोंदणी कायद्याच्या कलम 12 नुसार उद्देश बदलायचे किंवा दुसऱ्या संस्थेत विलीन व्हायचं, तर लेखी प्रस्ताव 10 दिवस आधी सभासदांना पोचवावा लागतो. तीन पंचमांश सभासदांची संमती लागते. महिन्याच्या अंतराने दुसरी सभा घेऊन ती पक्की करावी लागते. यादी फुगलेली असली तर हा आकडा गाठणं अवघड. कलम 15 प्रमाणे वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकली तर मताचा हक्क नाही, सभासदांत गणतीही नाही. तरी नाव वगळण्याआधी एक फोन कराच. जुनी माणसं विसरतात, रुसतातही.

मग पैसा. वर्गणी सगळी मुख्य कार्यालयात गेली की शाखा सुकतात, मला तरी हेच मूळ दुखणं वाटतं. सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये ग्रंथालयतज्ज्ञ विल्यम बॉर्डन यांना अमेरिकेहून बडोद्यात आणलं, तेव्हा गावच्या वाचनालयाचा भार गाव, प्रांत (म्हणजे जिल्हा) पंचायत आणि संस्थान असा वाटून घेतला होता. म्हणूनच चळवळ खेड्यात रुजली. शाखेचा वाटा घटनेतच लिहा.

मुखपत्रही लवकर सुरू करा, चार पानांचं चालेल. बडोद्याच्या 1912 च्या ग्रंथालय-नियतकालिकात इंग्रजी आणि गुजरातीबरोबर मराठीही होती. सभासदाला आपल्या भाषेत काही मिळालं तर तो वर्गणी भरतो.

पदांची मुदतही बांधा. 1933 मध्ये कलकत्त्यात स्थापन झालेल्या भारतीय ग्रंथालय संघाचं अध्यक्षपद ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी 1944 ते 1953 सांभाळलं. तसा माणूस रोज मिळत नाही. दोन मुदती पुरेत, आणि खुर्ची सोडण्याआधी दप्तर यादीसह पुढच्याच्या हाती द्यावं.

ते खंड मी जाऊन आणले. पहिल्या पानावर पेन्सिलीने त्यांचा सभासद क्रमांक होता.