घरचे पडदे: कापड कोणतं, किती, आणि लावायचं कसं

पडद्याच्या दुकानात पहिला प्रश्न रंगाचा निघतो. तो खरं तर शेवटचा. आधी दोनच गोष्टी ठरवा: त्या खिडकीवर ऊन कधी येतं, आणि तो पडदा घरात कोण, कशात धुणार आणि कुठे वाळत घालणार. मुलं पडद्याला हात पुसणार, पाहुण्यांची पोरं त्यात लपणार, कुणीतरी ओला टॉवेल रॉडवरच टाकणार. वर्षातून दोन-तीनदा जो पडदा उतरवून धुता येत नाही, तो राहत्या घरात वर्षभरात मळखाऊ रंगाच्या भरवशावर लोंबकळत राहतो.

खिडकीची दिशा

हा लेख सातारा-सांगलीकडच्या घरांसाठी आहे, आणि ही दोन्ही गावं १७ अंश अक्षांशाच्या आसपास आहेत. मे महिन्याच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात दुपारचा सूर्य इथे थेट डोक्यावर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीवर ऐन उन्हाळ्यात ऊन जवळजवळ पडतच नाही. साधा छज्जा पुरतो. तीच खिडकी डिसेंबरात खोलीच्या आतपर्यंत ऊन घेते, आणि तेव्हा ते हवंच असतं. म्हणून दक्षिणेला जाड पडद्यावर पैसे घालू नका. विरळ विणीचं सुती कापड तिथे बास.

खरा त्रास पश्चिमेचा. दुपारी तीननंतर ऊन तिरपं होतं आणि छज्ज्याखालून सरळ आत शिरतं. इथे लोक सर्वांत जाड ब्लॅकआउट, म्हणजे उजेड अडवणारे पडदे, घेतात आणि तरी खोली तापते म्हणून दुकानदाराला नावं ठेवतात. कारण साधं आहे: ऊन काचेतून आत आल्यावर पडद्याने अडवलं, तरी पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. ऊन काचेच्या बाहेर अडवलं तरच खरा फरक पडतो. गॅलरीला बांबूची चिक लावा, किंवा बॉक्स ग्रिलला बाहेरून शेडनेट बांधा. शेतीच्या दुकानात रोपवाटिकेसाठी मिळते तीच, ५० किंवा ७५ टक्के सावलीची. दिसायला फार देखणी नाही, पण आतल्या महागड्या पडद्यापेक्षा काम जास्त करते. सांगली, मिरज, तासगावच्या कोरड्या उन्हाळ्यात पाणी मारलेले वाळ्याचे पडदेही छान गारवा देतात. मात्र हवा दमट झाली की त्यांचा उपयोग संपतो. पहिल्या वळवानंतर ते काढून, पूर्ण वाळवून, गुंडाळून ठेवा. ओले राहिले तर कुजतात.

पावसाचं गणित दोन्हीकडे वेगळं आहे. सांगलीत जुलैमध्ये धुतलेला पडदा दोन दिवसांत वाळेल. साताऱ्याच्या पश्चिमेला, मेढा, पाटण, महाबळेश्वरकडे तो आठवडाभर दमट राहील आणि वास धरेल. त्या पट्ट्यात जाड सुती, ज्यूट आणि अस्तर शिवून टाकलेले पडदे टाळावेत. सुती आणि पॉलिएस्टरचं मिश्रण किंवा निव्वळ पॉलिएस्टर बरं, कारण धागा पाणी कमी धरतो. आणि पडदा भिंतीला चिकटून राहता कामा नये. ब्रॅकेट असं घ्या की रॉड भिंतीपासून किमान तीन इंच पुढे राहील. ओल धरलेल्या भिंतीला टेकलेल्या कापडावर बुरशीचे काळे ठिपके एका पावसाळ्यात येतात आणि ते धुऊन पूर्ण जात नाहीत.

कापड हातात घेऊन तपासायचं

नावांवर जाऊ नका. ‘कॉटन स्लब’, ‘लिनन लुक’ अशा नावांखाली बऱ्याचदा पॉलिएस्टरच असतं. त्यात वाईट काही नाही, पण काय घेतोय ते कळायला हवं. कडेचा एक धागा ओढून बाहेर नेऊन जाळा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि बोटाने चुरता येणारी करडी राख राहते. पॉलिएस्टर वितळून आक्रसतं आणि टोकाला टणक काळा मणी राहतो. दोन्ही दिसलं तर मिश्रण.

मग कापड दुकानाच्या दारात, उजेडासमोर धरा. ट्यूबलाइटखाली घट्ट वाटलेली वीण उन्हात चाळणीसारखी दिसते. मूठभर कापड दहा सेकंद आवळून सोडा. सुरकुत्या तशाच राहिल्या तर खिडकीवरही राहणार. ओला पांढरा रुमाल गडद रंगावर घासा. रुमालाला रंग लागला तर ते कापड पहिल्याच धुण्यात बाकीच्यांवर चढेल.

वजनावरून अंदाज घ्यायचा तर जाळीदार आतला पडदा चौरस मीटरला ६० ते १०० ग्रॅम, रोजचा मधला १५० ते २२०, आणि जड कापड २५०च्या वर. राहत्या घराला मधलं सगळ्यात सोयीचं.

उन्हाने कापड नुसतं विटत नाही, कमकुवतही होतं. रेशीम सर्वांत आधी फाटतं, त्यानंतर सुती. काचेमागे पॉलिएस्टर जास्त टिकतं. पश्चिमेला सुतीच हवं असेल तर मागे अस्तर हवं, आणि त्यासाठी मांजरपाटाइतकं स्वस्त आणि प्रामाणिक कापड नाही. सांगलीपासून इचलकरंजी तीसेक किलोमीटरवर, विट्यातही यंत्रमाग आहेत; साधं सुती कापड या भागात शोधावं लागत नाही. पण मांजरपाट आटतं. शिवण्याआधी दोनदा पाण्यातून काढा. अस्तर मूळ पडद्याला चारही बाजूंनी शिवू नका. फक्त वर जोडा आणि खाली एक इंच आखूड ठेवा. दोन कापडं वेगवेगळी आटतात, आणि सगळीकडून शिवलेला पडदा पहिल्या धुण्यानंतर पोट सुटल्यासारखा दिसतो.

ब्लॅकआउटमध्ये दोन प्रकार असतात. एकाच्या मागे रबरासारखा थर असतो. तो उजेड पूर्ण अडवतो, पण गरम पाणी, पिळणं आणि थेट इस्त्री त्याला चालत नाही, थर भेगाळतो आणि पापुद्रे निघतात. दुसऱ्यात मधे काळा धागा विणलेला असतो. थोडा उजेड येतो, पण मशीनमध्ये धुता येतो. तान्ह्या बाळाची खोली असो की रात्रपाळी करणाऱ्याची, आमचं मत दुसऱ्याच्या बाजूने. उजेड बहुतेक वेळा कापडातून येतच नाही, बाजूच्या फटींतून येतो. रॉड दोन्हीकडे लांब घेतला की तो प्रश्न सुटतो.

ऊसपट्ट्यातल्या घरांना आणखी एक गोष्ट. गाळप सुरू झालं की कारखान्याच्या आसपास बगॅसची, म्हणजे उसाच्या चोथ्याची, काजळी उडते, आणि पाचट पेटवलं की तीही. पांढऱ्या पडद्यावर हे काळे कण दिसले की लगेच ओल्या फडक्याने पुसायला जाऊ नका. काजळी धाग्यात शिरते आणि डाग कायमचा होतो. आधी पडदा बाहेर नेऊन झटका, मग पाण्यात टाका. गाळपाच्या काळात जाड, खरखरीत विणीपेक्षा गुळगुळीत विणीचे पडदे लावलेले बरे.

माप आणि मीटर

माप टेपनेच घ्या, वितीने किंवा दोरीने नाही. उंची डावीकडे, मधे आणि उजवीकडे अशी तीनदा मोजा. जुन्या घरात, विशेषतः पेठांमधल्या वाड्यांत, फरशीला उतार असतो. सर्वांत कमी आकडा धरायचा.

समजा खिडकी ४ फूट रुंद आहे आणि पडदा जमिनीपर्यंत हवा आहे. रॉड दोन्हीकडे ८ इंच बाहेर, म्हणजे एकूण ६४ इंच. बाहेर इतका का? पडदा उघडल्यावर गोळा झालेलं कापड भिंतीवर जायला हवं, काचेवर नाही. आयलेटच्या पडद्याला, म्हणजे ज्याच्या वरच्या कडेतल्या गोल रिंगांतून रॉड जातो त्याला, रॉडच्या दुप्पट कापड लागतं. ४८ इंच पन्ह्याचे (रुंदीचे) तीन पट्टे घ्या. मधला पट्टा उभा अर्धा कापून एकेक अर्धा दोन्ही बाजूंना जोडला, की दुमडी जाऊन प्रत्येक पडदा साधारण ६७ इंचांचा होतो. तो जोड नेहमी भिंतीकडे ठेवायचा.

रॉड जमिनीपासून ८९ इंचांवर असेल, तर कापड रॉडच्या वर दीड इंच आणि फरशीच्या एक इंच अलीकडे थांबेल: तयार लांबी साडेएकोणनव्वद इंच. फरशीला टेकणारा पडदा फोटोत चांगला दिसतो, पण रोज पुसण्याच्या पाण्यात त्याची खालची किनार काळी पडते. वर दुमडीला ४ इंच, खाली ८ इंच धरून कापायची लांबी साडेएकशे एक इंच, म्हणजे २.५८ मीटर. तीन पट्ट्यांना पावणेआठ मीटर. सुती असेल तर आटण्यासाठी पाच टक्के धरा: पट्ट्याला २.७५, एकूण सव्वाआठ मीटर. सुती कापड आधी भिजवून, वाळवूनच शिंप्याकडे द्या.

मोठ्या नक्षीच्या कापडात इथे खिसा फाटतो. नक्षी ६४ सेंटीमीटरला पुन्हा येत असेल, तर प्रत्येक पट्टा ६४च्या पटीत कापावा लागतो, नाहीतर शेजारच्या पट्ट्यातली फुलं वर-खाली होतात. २५८ सेंटीमीटरला चार नक्ष्या (२५६) दोन सेंटीमीटरने कमी पडतात, म्हणून दुकानदार पाच नक्ष्या मोजतो: ३.२० मीटर, तीन पट्ट्यांना ९.६०. खालची दुमड दोन सेंटीमीटरने कमी करा, चार नक्ष्यांत बसतं आणि जवळपास दोन मीटर कापड वाचतं. हे तुम्हीच सांगायचं, दुकानदार सांगणार नाही. सगळं कापड एकाच ताग्यातलं घ्या. दुसऱ्या ताग्याचा रंग दुकानात सारखा वाटतो, खिडकीवर वेगळा.

शिंप्याला काय सांगायचं

आयलेटची संख्या सम हवी. विषम झाली की पडद्याची एक कड भिंतीकडे आणि दुसरी खोलीकडे तोंड करून राहते. आधीच्या उदाहरणातल्या ६७ इंची पडद्याला १२ आयलेट, साधारण सहा इंचांवर एक. एक इंची रॉडला आयलेटचं भोक दीड इंचाच्या आसपास हवं, नाहीतर पडदा अडकत सरकतो. वरची कड ताठ राहावी म्हणून आत घालतात ते बकरम कापडी हवं. कागदी बकरम पहिल्या धुण्यात लगदा होतं आणि वरची कड मान टाकते. जड किंवा लिनन कापडाची खालची दुमड आधी फक्त टाचून घ्या, आठवडाभर टांगून ठेवा, मग पक्की शिवा. असं कापड वजनाने थोडं उतरतं.

घरात जुनी सुती साडी असेल तर आतल्या पडद्याला उत्तम. सहावारी साडी मधोमध कापली की पावणेतीन मीटरच्या आसपासचे दोन पट्टे मिळतात. जिथे घडी पडत आली तिथे उजेडासमोर धरून बघा; विरलेली असेल तर सोडून द्या.

रॉड

वरच्या उदाहरणातलं कापड २२० ग्रॅमचं असेल तर दोन किलोंच्या वर वजन होतं, अस्तरासकट तीनच्या वर. सहा फुटांपुढच्या रॉडला मधे तिसरं ब्रॅकेट द्या. आयलेट मधल्या ब्रॅकेटवरून सरकत नाही, त्यामुळे पडदा दोन भागांतच हवा.

चौकटीच्या लगेच वर काँक्रीटचा लिंटेल, म्हणजे आडवी तुळई, असतो. साधं ड्रिल तिथे नुसतं तापतं. हॅमर ड्रिलच हवं. जुन्या दगड-मातीच्या भिंतीत उलटी अडचण: भोक ढासळतं आणि प्लग फिरत राहतो. तिथे आधी लाकडी पट्टी दोन-तीन ठिकाणी पक्की करून तिच्यावर ब्रॅकेट मारा, किंवा भिंत जाड असेल तर खिडकीच्या कोनाड्यातच लाकडी चौकटीवर रॉड घ्या. भोक पाडण्याआधी जवळच्या बटणाच्या सरळ वर वायर गेलेली नाही ना, ते बघा.

ओटा, देवघर आणि दोऱ्या

ओट्याच्या खिडकीला लांब पडदा नकोच. फोडणीची वाफ बसून तो चिकट होतो, आणि वाऱ्याने शेगडीवर येतो. खालच्या अर्ध्या भागाला आखूड सुती पडदा, तोही शेगडीपासून दूर, नाहीतर वर गुंडाळता येणारा आणि पुसता येणारा रोलर ब्लाइंड. झेब्रा ब्लाइंड, म्हणजे एकाआड एक जाळीदार आणि जाड पट्ट्यांचा, स्वयंपाकघरात लावू नका, त्याच्या पट्ट्या घरी धुता येत नाहीत. देवघरासमोर पॉलिएस्टरचा पडदा लावू नका. समईच्या ज्योतीने ते वितळून ठिबकतं आणि अंगाला चिकटतं.

ब्लाइंडच्या दोरीचा लोंबता फास लहान मुलाच्या गळ्यात अडकू शकतो. घरात सहा-सात वर्षांखालचं मूल असेल तर बिनदोरीचा ब्लाइंड घ्या. दोरी असलीच तर ती भिंतीवर ताणून पक्की करा, किंवा दीड मीटरच्या वर खुंटीला गुंडाळा. पाळणा, पलंग, खुर्ची त्या खिडकीखाली नको.

धुताना

आयलेटचा भाग एकत्र बांधून जुन्या उशीच्या अभ्र्यात घाला आणि तोंड सुतळीने बांधा. म्हणजे प्लास्टिकची रिंग ड्रमवर आपटून फुटत नाही. घरच्या मशीनमध्ये एका वेळी एकच मोठा पडदा, थंड पाणी, कमी वेगाने पिळणं. रॉड पुसून घ्या आणि पडदा अर्धवट ओला असतानाच टांगा. स्वतःच्या वजनाने तो सरळ होतो, इस्त्री बहुतेकदा लागतच नाही. फक्त खिडकी उघडी आणि पंखा चालू ठेवा, आणि त्या दुपारी पाऊस नसेल असा दिवस निवडा.